एकाच नावाची दोन (कधी चार) मोठी माणसं : नेमका कोण, हे कसं ओळखायचं

जुलै २०२४ मध्ये बातमी आली, विधान परिषदेच्या निवडणुकीत जयंत पाटील हरले. नुसती हेडलाइन वाचली की डोळ्यासमोर आधी इस्लामपूरवाले जयंतराव येतात, राजारामबापूंचे चिरंजीव, राष्ट्रवादीचे. पण हरले होते ते अलिबागचे जयंत पाटील, शेकापचे, नारायण नागू पाटलांचे नातू. आणि या अलिबागवाल्या जयंत पाटलांना पाठिंबा कुणाचा होता तर शरद पवारांच्या राष्ट्रवादीचा, जिचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष कोण? जयंत पाटील. घ्या आता.

तर ज्यांना कुठे काही लिहावं लागतं, म्हणजे जयंती-पुण्यतिथीच्या पोस्ट टाकणारे, पोरांना शाळेची भाषणं लिहून देणारे, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स काढणारे, विकिपीडियावर लेख लिहिणारे, नाहीतर फॅमिली ग्रुपवर आलेला फॉरवर्ड पुढे ढकलायच्या आधी दोन मिनिटं थांबणारे (असे लोक आहेत अजून), त्यांच्यासाठी हे लिहितोय. सेम नावाची माणसं वेगळी कशी करायची, काय बघायचं, कुठली खूण कधी चालते आणि कधी दगा देते.

आधी संशय घ्यायला शिका

सगळ्या नावांवर वेळ घालवायची गरज नाही. जयंत नारळीकर म्हटलं की विषय संपला. पण आडनाव पाटील, कुलकर्णी, जोशी, देशमुख, जाधव, शिंदे, पवार यातलं असेल आणि पहिलं नाव विजय, संजय, चंद्रकांत, अशोक असलं काही असेल तर लगेच ब्रेक मारायचा. पाटील आणि कुलकर्णी ही तर मुळात गावच्या वतनाची पदं, गावोगाव एकेक होताच, त्यामुळे आडनावावरून माणूस सापडेल ही आशाच सोडा.

चंद्रकांत पाटील घ्या. एक कोथरूडचे आमदार, चंद्रकांतदादा, भाजपवाले, मूळचे कोल्हापूरकडचे. दुसरे मुक्ताईनगरचे आमदार, ज्यांनी २०१९ मध्ये रोहिणी खडसेंना हरवलं. तिसरे सी. आर. पाटील, गुजरात भाजपचे कितीतरी वर्षं अध्यक्ष होते, नवसारीचे खासदार, आणि हे सी. आर. म्हणजे चंद्रकांत रघुनाथ, जन्म आपल्याच जळगाव जिल्ह्यातला. आणि चौथे कवी चंद्रकांत पाटील, हिंदी कविता मराठीत आणणारे, लिटल मॅगझिनच्या पिढीतले. राजकारणातले तिघं आणि कवितेतला एक, आता कुणी "चंद्रकांत पाटील यांच्या कविता" असं सर्च केलं आणि वर मंत्र्यांचा फोटो आला तर नवल करू नका.

वडिलांचं नाव, आपल्याकडची सगळ्यात भारी सोय

माझं मत विचाराल तर मधलं नाव लिहिणं बंद केलं ही आपल्या पेपरवाल्यांची आणि चॅनलवाल्यांची मोठी चूक. सरकारी कागदावर आपण अजूनही तीन नावं लिहितो, मग बातमीत का नको? जागा वाचते म्हणे.

पेशव्यांच्या काळात ही सोय किती कामाची होती बघा. बाळाजी नावाचे तीन बडे लोक एकापाठोपाठ येतात. बाळाजी विश्वनाथ म्हणजे पहिले भट पेशवे, बाळाजी बाजीराव म्हणजे त्यांचे नातू नानासाहेब, ज्यांच्या काळात पानिपत झालं, आणि बाळाजी जनार्दन म्हणजे नाना फडणवीस, जे पेशवे नव्हतेच, कारभारी होते. पहिलं नाव सगळ्यांचं एक, बापाचं नाव आलं की लगेच माणूस सापडतो. बाजीरावांचंही तेच. बाजीराव बल्लाळ म्हणजे बाळाजीचा मुलगा, थोरला बाजीराव (१७००–१७४०). बाजीराव रघुनाथ म्हणजे राघोबादादांचा मुलगा, दुसरा बाजीराव, ज्याच्या हातून १८१८ मध्ये राज्य गेलं. माधवराव बल्लाळ ते थोरले माधवराव आणि माधवराव नारायण ते सवाई माधवराव. हे एकदा डोक्यात बसलं की एमपीएससीचे निम्मे घोळ संपतात.

आजच्या राजकारणातही ज्यांनी मधलं नाव धरून ठेवलं त्यांचं बरं चाललंय. संजय दिना पाटील, ईशान्य मुंबईचे खासदार, २००९ मध्ये आणि परत २०२४ मध्ये. "दिना" आहे म्हणून ते सांगलीच्या संजयकाका पाटलांपासून वेगळे कळतात, जे २०१४ ते २०२४ खासदार होते. आणि 'जोगवा' पिक्चर लिहिणारे संजय कृष्णाजी पाटील हे तिसरेच, तेही मधलं नाव न चुकता लावतात. शहाणा माणूस.

पण ही युक्ती पण एका ठिकाणी सपशेल आपटते. बाळ गंगाधर. टिळक बाळ गंगाधर, हे सगळ्यांना माहीत. पण दर्पणकार जांभेकर पण बाळ गंगाधर, आणि मुंबई प्रांताचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान खेर (तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणायचे) ते पण बाळ गंगाधर! त्यात जांभेकर आणि टिळक दोघं पेपरवाले. दर्पण १८३२ चं, केसरी १८८१ चा. सहा जानेवारीला पत्रकार दिन असतो तो जांभेकरांमुळे, त्या दिवशी टिळकांचा फोटो लावून शुभेच्छा देऊ नका. इथे खूण म्हणजे आडनावच, आणि ते कापून "बाळ गंगाधर" एवढंच कुणी लिहू नये.

गावाचं नाव

शिवाजीराव पाटील म्हटलं तर कोण? शिवाजीराव पाटील निलंगेकर, १९८५-८६ मध्ये मुख्यमंत्री, लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याचे. शिवाजीराव आढळराव पाटील, शिरूरकडचे, २००४ पासून २०१९ पर्यंत खासदार. आणि शिवाजीराव गिरधर पाटील, खानदेशातले, शिरपूरचे, राज्यात मंत्री होते, स्मिता पाटीलचे वडील. एकाने गाव लावलं, एकाने घराण्याचं आडनाव पाटलाच्या आधी लावलं, एकाने वडिलांचं नाव. तीन माणसं, तीन पद्धती, म्हणून हे प्रकरण निदान सुटतं तरी.

मराठवाड्यात हे गावाचं प्रकरण जोरात आहे. शिवराज पाटील चाकूरकर आठवा, केंद्रात गृहमंत्री होते ते. दिल्लीच्या पेपरांनी त्यांचं चाकूरकर काढून टाकलं आणि नुसतं शिवराज पाटील केलं, मग मराठी पेपरांनी पण तेच उचललं. तुम्ही लिहिताना गाव परत लावा, काही बिघडत नाही.

स्मिता पाटीलवरून आठवलं, तिच्या नावाची पण दुसरी आहे. आर. आर. आबांची मुलगी स्मिता पाटील, राष्ट्रवादीत काम करणारी. इथे काळ बघितला की झालं, अभिनेत्री स्मिता पाटील १९८६ मध्येच गेली. त्यामुळे "स्मिता पाटील यांनी सभेत सांगितलं" अशी आजची बातमी दिसली तर दचकू नका.

काम वेगळं असेल तर सगळ्यात सोपं

राम कदम. 'पिंजरा'चे संगीतकार राम कदम, १९७२ चा पिक्चर, आजही गणपतीत त्यातली गाणी वाजतात. आणि घाटकोपरचे आमदार राम कदम, दहीहंडीवाले. मोहन जोशी, एक अभिनेते आणि एक पुण्यातले काँग्रेसचे, २०१९ ला गिरीश बापटांविरुद्ध लोकसभेला उभे होते. सुधीर गाडगीळ, एक मुलाखती घेणारे, निवेदनवाले, पुण्याचे, दुसरे सांगलीचे भाजपचे आमदार सुधीरदादा गाडगीळ. संजय जाधव, एक 'दुनियादारी'चे दिग्दर्शक आणि एक परभणीचे खासदार, ज्यांना बंडू जाधव म्हणतात. या सगळ्यात नावाच्या आधी एक शब्द लावला की काम होतं, संगीतकार, आमदार, अभिनेते, दिग्दर्शक. एवढंच करायचं आणि पुढे जायचं.

विजय पाटलांचं मात्र उलटं आहे. 'मैंने प्यार किया', 'हम आपके हैं कौन' यांचं संगीत देणारे राम-लक्ष्मण, त्यातले लक्ष्मण म्हणजे विजय पाटील, नागपूरचे. राम गेल्यावर त्यांनी एकट्याने हेच जोडीचं नाव चालू ठेवलं. मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष होते ते विजय पाटील डी. वाय. पाटलांच्या घरातले. आता संगीतकाराबद्दल लिहिताना "विजय पाटील" लिहिलं तर कुणाला कळणार नाही आणि "राम-लक्ष्मण" लिहिलं तर लोकांना वाटतं दोन माणसं. पहिल्यांदा येईल तिथे दोन्ही लिहा, नंतर राम-लक्ष्मण चालवा.

शरद जोशींवर जरा थांबतो कारण इथे दोघंही लिहिणारे होते. आपले शरद जोशी, शेतकरी संघटनेचे, १९३५ ला साताऱ्यात जन्म, स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती घेतली, मग कांद्याचं आंदोलन, १९८० च्या आसपासचं. २०१५ मध्ये पुण्यात गेले. दुसरे शरद जोशी हिंदीतले व्यंगकार, १९३१ ला उज्जैनमध्ये जन्म, १९९१ ला मुंबईत निधन, टीव्हीवरची 'ये जो है ज़िंदगी' लिहिणारे. आता कोट्सच्या पेजवर "शरद जोशी" नावाने सरकारवर एक खोचक वाक्य येतं, तेव्हा ते कुणाचं? दोघंही सरकारवर तुटून पडायचे. मग मूळ भाषा बघा. मूळ वाक्य हिंदीत असेल आणि कुणीतरी ते मराठीत आणलेलं असेल तर व्यंगकारांचं असण्याची शक्यता जास्त. शेतमालाचा भाव, उत्पादन खर्च, इंडिया विरुद्ध भारत असलं काही असेल तर शेतकरी संघटनेवाले. आणि काहीच कळत नसेल तर ते कोट वापरू नका, सिंपल.

काम पण सेम असेल तेव्हा

खरी मजा इथे आहे. सोनाली कुलकर्णी. दोघी अभिनेत्री, दोघी मराठी, दोघी अजून काम करतात. "अभिनेत्री सोनाली कुलकर्णी" लिहून काहीच कळत नाही. एक 'दोघी' मधली, १९९५ चा पिक्चर, नंतर 'देऊळ', हिंदीत 'दिल चाहता है'. दुसरी 'नटरंग' मधली, २०१० चा, अप्सरा आली. लोकांनीच यावर उपाय काढलाय, सीनियर-ज्युनियर म्हणतात नाहीतर "अप्सरावाली" म्हणतात, घरात बोलायला ठीक आहे पण लेखात जरा बरं दिसत नाही. इंग्रजीत धाकटीच्या नावात शेवटी डबल ई असतो म्हणून तिकडे भागतं, देवनागरीत तो फरक उरत नाही. म्हणून नियम असा ठेवा की काम सेम असेल तर एक गाजलेलं काम आणि त्याचं साल, बस. "'दोघी' (१९९५) मधली सोनाली कुलकर्णी". वय-बिय लिहायची गरज नाही.

सुलोचनांचं तर त्रिकूट आहे. मूकपटातल्या सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, त्यांना १९७३ चा फाळके पुरस्कार मिळाला. मग सुलोचनादीदी, सुलोचना लाटकर, मराठी-हिंदीतली आई, २०२३ मध्ये गेल्या. आणि लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण, त्या डिसेंबर २०२२ मध्ये गेल्या. शेवटच्या दोघी सहा महिन्यांच्या अंतराने गेल्यामुळे श्रद्धांजलीच्या पोस्टमध्ये फोटो तपासणं फारच गरजेचं झालं होतं. आणि अजून एक गोम, सुलोचना चव्हाण लग्नाआधी सुलोचना कदम नावाने गायच्या, त्यामुळे जुन्या रेकॉर्डवर कदम दिसलं तर ती चौथी बाई समजू नका. बायकांच्या बाबतीत हे नेहमी बघायचं, लग्नाआधीचं नाव काय होतं. दोन नावांची एकच बाई असते कधीकधी.

अरविंद गोखले पण दोन. कथाकार, नवकथेतले, १९९२ मध्ये गेले. दुसरे पत्रकार, केसरीचे संपादक होते, पाकिस्तानवर लिहिणारे. ग्रंथालयाच्या कपाटात दोघांची पुस्तकं शेजारी लागलेली असू शकतात. विषय बघा, कथासंग्रह का राजकारण.

आणि पेंढारकर. भालजी पेंढारकर, सिनेमावाले, कोल्हापूर, १९९४ मध्ये गेले. भालचंद्र पेंढारकर, ललितकलादर्शचे, नाटकवाले, गायक नट, २०१५ मध्ये गेले. तुम्ही म्हणाल नावं वेगळी आहेत की. पण भालजींचं कागदावरचं नाव पण भालचंद्रच!

आदराची नावं, इथे सगळेच फसतात

बाळासाहेब म्हटलं की मुंबईत एकच माणूस. संगमनेरला जा, तिथे बाळासाहेब म्हणजे थोरात, खरं नाव विजय. तिथून थोडं पुढे लोणीला बाळासाहेब म्हणजे विखे पाटील, खरं नाव एकनाथ. एकाच जिल्ह्यातले दोन बाळासाहेब आणि ते पण एकमेकांचे राजकीय विरोधक. वंचितचे कार्यकर्ते बाळासाहेब म्हणतात ते प्रकाश आंबेडकरांना. संघात बाळासाहेब म्हणजे देवरस, खरं नाव मधुकर. आणि वरचे खेर पण बाळासाहेबच. त्यामुळे दादा, आबा, अण्णा, भाऊ, काका, नाना, बाळासाहेब, भाऊसाहेब यातलं काहीही एकटं लिहू नका. कुठल्या गावात बसून लिहिलंय त्यावर अर्थ बदलतो.

नाना तर किती. नाना फडणवीस, नाना शंकरशेट (जगन्नाथ), क्रांतिसिंह नाना पाटील, नानासाहेब पेशवे दोन, एक पानिपतच्या वेळचे आणि एक १८५७ चे, जे दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र, धोंडोपंत. शाळेच्या भाषणात पानिपतवाले नानासाहेब आणि सत्तावन्नचे नानासाहेब एकच धरले तर जवळजवळ शंभर वर्षांचा घोटाळा होतो.

साल तपासणं

शाहू महाराजांच्या पोस्टना हे हमखास लागतं. साताऱ्याचे छत्रपती शाहू, संभाजी महाराजांचे चिरंजीव, १६८२ ते १७४९, मोगलांच्या कैदेत वाढले, १७०७ ला सुटले, बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं. कोल्हापूरचे राजर्षी शाहू, १८७४ ते १९२२, कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आलेले, मूळ नाव यशवंतराव, १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारे. आणि आता कोल्हापूरचे खासदार शाहू छत्रपती, २०२४ ला निवडून आलेले. पोस्टमध्ये पेशवे, मोगल असं काही आलं की पहिले, आरक्षण, वसतिगृहं, कुस्ती आली की राजर्षी. "राजर्षी" हा शब्द फक्त कोल्हापूरच्यांनाच लावा, तेवढ्याने अर्धे घोळ मिटतात.

पृथ्वीराज चव्हाणांना काही सांगायला नको. एक ११९२ च्या तराइनच्या लढाईतले आणि एक २०१० ते २०१४ मुख्यमंत्री, कराडचे. तरी सर्च केलं की दोघं एकत्र येतात.

आद्याक्षरं

साहित्यात आपल्या लोकांनी हा प्रश्न आधीच सोडवून ठेवलाय. दांडेकर बघा, गो. नी. म्हणजे कादंबऱ्या आणि किल्ले, वि. म. म्हणजे अर्थशास्त्र आणि दारिद्र्यावरचा अभ्यास, रा. ना. म्हणजे संस्कृत, भांडारकर संस्था, शं. वा. म्हणजे सोनोपंत, वारकरी आणि स. प. कॉलेजचे प्राचार्य. हल्ली अक्षरं टाकायचा कंटाळा करतात आणि "दांडेकरांनी म्हटलंय" असं लिहितात, मग वाचणाऱ्याने गड चढायचा का गरिबी मोजायची? अक्षरं टाका.

संतांच्या अभंगांचं काय

इथे मात्र सोपा उपाय नाही. संत नामदेव (१२७० ते १३५०) आणि सोळाव्या शतकातला विष्णुदास नामा, दोघांच्या रचना छापील गाथेत मिसळल्यात. शेवटच्या ओळीतली नाममुद्रा बघावी तर संत नामदेवही स्वतःला विष्णुदास नामा म्हणवून घेतात. अभ्यासक भाषा बघतात, जुनी हस्तलिखितं बघतात, अभंगात कुठल्या नंतरच्या माणसाचा किंवा घटनेचा उल्लेख येतो का ते बघतात. आपण सामान्य माणसाने एवढंच करावं, "नामदेव गाथेतला अभंग" असं लिहावं.

मतदानाच्या दिवशी

नावसारखेपणाचा सगळ्यात महाग प्रकार हा. २०१४ ला रायगडमध्ये अनंत गीते सुनील तटकरेंवर २,११० मतांनी निवडून आले, आणि सुनील तटकरे नावाच्याच एका अपक्षाला नऊ हजारांच्या वर मतं पडली होती. २०२४ ला दिंडोरीत भास्कर भगरे उभे होते तुतारी वाजवणारा माणूस या चिन्हावर, आणि बाबू भगरे नावाच्या अपक्षाला तुतारीसारखंच चिन्ह, त्यांना लाखाच्या वर मतं. तरी भास्कर भगरे निवडून आले ही गोष्ट वेगळी. सेम नावाच्या माणसाला निवडणूक लढवायला बंदी करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने मे २०२४ मध्ये अशी याचिका ऐकून घ्यायला नकारच दिला.

मशीनवर काय बघायचं? २०१५ पासून उमेदवाराचा फोटो असतो, तो आधी बघा. दोन नावं अगदी सेम असतील तर नियमाप्रमाणे धंदा, पत्ता असं काहीतरी जोडून फरक दाखवतात, ते वाचा. आणि मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार वर असतात, मग नोंदणीकृत छोटे पक्ष, अपक्ष सगळ्यात खाली. त्यामुळे ओळखीचं नाव खूप खाली दिसलं तर बोट दाबायच्या आधी परत वर बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आदल्या दिवशीच चिन्ह कागदावर काढून दाखवा.

शेवटी सर्च आणि पोस्टिंग

गुगलला नुसतं नाव टाकू नका, नाव अवतरणचिन्हांत टाका आणि बाहेर गाव किंवा काम लिहा. नको असलेला माणूस सारखा वर येत असेल तर त्याच्या ओळखीच्या शब्दाआधी वजाचं चिन्ह लावा, उदाहरणार्थ "राम कदम" लिहून पुढे वजा आमदार, वजा भाजप. उजवीकडे जी माहितीची चौकट येते तिच्यातला फोटो आणि मजकूर एकाच माणसाचा असेल असं धरून चालू नका, फोटोवर क्लिक करून तो कुठल्या पानावरून आलाय ते बघा. मराठी विकिपीडियावर अशा नावांसाठी निःसंदिग्धीकरण पानं असतात, तिथे सगळे एकाखाली एक दिसतात. पान नसेल आणि तुम्हाला दोन माणसं पक्की माहीत असतील तर बनवा, दहा मिनिटांचं काम आहे.

टॅग करताना तर डबल चेक करा, कारण तिथे चुकलात तर नोटिफिकेशन थेट चुकीच्या माणसाला जातं. आणि ग्रुपवर कुणा काकांनी चुकीचा फोटो टाकलाच असेल तर सगळ्यांसमोर झाडू नका, त्यांना वेगळा मेसेज करून बरोबर फोटो पाठवा, ते स्वतःच डिलीट करून परत टाकतात. बहुतेक वेळा.